लाव्हाच्या काळ्या कातळावर: निर्जन ज्वालामुखीय किनारा पायी कसा पाहावा

काळ्या कातळाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरलेला माणूस समुद्राकडे बघत चालतो आणि पन्नास पावलांच्या आत गुडघा फोडून घेतो. माझाही तसाच फुटला होता. लाट आली नव्हती, दगडही हलला नव्हता. पाऊल पडलं होतं ते साध्या, सपाट, कोरड्या दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यावर. तो पट्टा कसला होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ते पुढे येईलच.

निर्जन, अस्पर्शित किनारा म्हटलं की मन हुरळतं. प्रत्यक्षात तिथे कठडा नसतो, पाटी नसते, जीवरक्षक नसतो आणि फोनला बहुधा रेंजही नसते. एरवी ही काळजी दुसरं कुणीतरी आपल्यासाठी घेत असतं. इथे ती सगळी आपल्या अंगावर येते. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी कुठपर्यंत येतं ते खडकावर वाचता येणं. ते जमलं की बाकीचं हळूहळू जमतं.

आधी खडकाची जात ओळखा

निघण्यापूर्वी त्या किनाऱ्याची छायाचित्रं आणि उपग्रहाचे नकाशे बघून खडक कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा. बूट, चालण्याचा वेग, लागणारा वेळ, सगळं त्यावर अवलंबून आहे.

लाव्हाच्या दोन मुख्य प्रकारांना जगभर हवाईयन नावंच वापरतात. पाहोएहोए म्हणजे गुळगुळीत, दोरखंडासारखा वळलेला लाव्हा. दुधावरची साय बोटाने सारली की जशा सुरकुत्या पडतात तशाच या दगडावर असतात, आणि कारणही तेच: वरची कातडी थिजत आली होती, पण खालचा प्रवाह अजून सरकत होता. आआ म्हणजे खडबडीत, अणकुचीदार, सुट्या ढेकळांचा लाव्हा. पाहोएहोएवर तासाभरात तीन किलोमीटर सहज होतात. आआवर एक किलोमीटर झाला तरी स्वतःची पाठ थोपटा.

तिसरा प्रकार खांबांचा. जाड थर सावकाश निवत गेला की आकसतो आणि त्याला वरून खाली भेगा पडतात. चिखल सुकताना भेगाळतो तसंच, फक्त इथे भेगा खोल जातात आणि बहुधा षटकोनी खांब तयार होतात. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. स्कॉटलंडचं स्टाफा बेट आणि दक्षिण कोरियाचा जेजू बेटाचा किनाराही याच घडणीचा. चालायला हे खांब पायऱ्यांसारखे सोयीचे वाटतात, पण बऱ्याच खांबांचा माथा बशीसारखा खोलगट असतो. त्यात पाणी साचतं, पाण्यात शेवाळ धरतं आणि पाय तिथेच जातो.

चौथा प्रकार राखेचा. ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेला पिवळट-तपकिरी खडक दिसायला भक्कम, पण समुद्रापुढे मऊ. आइसलंडजवळचं सुर्त्सी बेट नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून वर आलं. जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर होतं. त्यातलं जवळपास निम्मं लाटांनी आतापर्यंत नेलं. टिकून राहिलंय ते मुख्यतः घट्ट लाव्हाचं कवच असलेला भाग आणि आतून सिमेंटसारखी घट्ट झालेली राख. म्हणून राखेच्या कड्याच्या टोकावर उभं राहू नका आणि त्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसू नका.

जायची मुभा आहे का?

सुर्त्सीवर परवानगी असलेल्या संशोधकांखेरीज कुणालाही उतरता येत नाही. इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवरच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बहुतेक ठिकाणी अधिकृत वाटाड्या बरोबर हवा आणि प्राण्यांपासून किमान २ मीटर अंतर ठेवावं लागतं. इतरत्र किनारा मोकळा असला तरी तिथवरची वाट खासगी जमिनीतून जात असू शकते, किंवा पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असू शकते. तिथल्या मासेमारांना विचारा. परवानगीचं तर कळेलच, पण कोणत्या घळीत पाणी मागून येतं हेही त्यांनाच ठाऊक असतं.

समुद्राचं वेळापत्रक

इथे घाई करू नका.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची भरती साधारण ५० मिनिटं उशिरा. काल दहाला ओहोटी होती म्हणून आजही दहाला निघालात तर हिशेब चुकला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. उधाणाच्या ओहोटीला एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो, म्हणून बघायला तेच दिवस चांगले. पण परतीचं पाणीही त्याच दिवसांत सगळ्यात जोरात भरतं.

पाणी एकाच वेगाने चढत नाही. त्यासाठी दर्यावर्दी लोकांचा बारा भागांचा जुना हिशेब आहे. भरती-ओहोटीतल्या उंचीच्या फरकाचे बारा भाग करायचे. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात त्यातला एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. समजा फरक ३.६ मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटरच चढेल, आणि तुम्हाला वाटेल की भरपूर वेळ आहे. तिसऱ्या तासात ते ९० सेंटिमीटर चढेल. माणसं अडकतात ती या तिसऱ्या तासात.

म्हणून माझा नियम असा: पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर उतरायचं आणि पाणी सगळ्यात खाली असेल त्या क्षणी परत फिरायचं. "आत्ता तर कुठे छान दिसायला लागलं" असं वाटतं तेव्हाच. भरतीचं पाणी समोरून येईल अशी आपली समजूत असते; लाव्हाच्या किनाऱ्यावर ते घळीघळींतून शिरतं आणि आधी पाठीमागची वाट बुडवतं.

तक्त्यात दोन गोष्टी बघा. तो नेमक्या त्याच किनाऱ्याचा आहे का, आणि त्यातली वेळ तिथल्या घड्याळाशी जुळते का. उन्हाळ्यात घड्याळं तासाने पुढे करणाऱ्या देशांत या एका तासाने फसगत होते.

आता लाटा. हवाईसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो. तिथे खरा धोका लाटांचा. हवामानाच्या अंदाजात लाटेची जी उंची देतात ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते; ती उंच असलेल्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट उंचीची येते, आणि त्यात नवल काही नाही. उंचीइतकंच महत्त्व दोन लाटांमधल्या वेळाला. ७-८ सेकंदांच्या लाटा जवळच्या वाऱ्याच्या असतात. १४-१५ सेकंदांच्या आणि त्याहून लांब लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या असतात. त्या खोल पाण्यात दिसतही नाहीत, पण कातळावर आदळल्या की खूप वरपर्यंत चढतात. इथे आकाश निरभ्र, वारा नाही, आणि समुद्र मात्र दूरच्या वादळाचा.

आइसलंडच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अशाच अचानक वर धावणाऱ्या लाटांनी पर्यटकांचे बळी घेतले आहेत. तिथे इशारा देणारे दिवे लावले आहेत. तुम्ही जाणार त्या निर्जन किनाऱ्यावर दिवा असणार नाही, म्हणून अंदाजात लांब लाटा आणि दोन मीटरच्या वरची उंची एकत्र दिसली, तर मी तो दिवस कड्यावरून बघण्यात घालवतो.

पिशवीत काय

बूट सोडले तर यादी छोटी आहे. बुटाचा तळ रबरी, पकडणारा, पण वाकता न येण्याइतका कडक, घोटा झाकलेला. चप्पल-सँडल नकोच. ताज्या लाव्हाचा वरचा पापुद्रा चटकन थिजल्याने काचेसारखा असतो आणि काचेसारखाच कापतो. त्यासाठीच जाड हातमोजे आणि पूर्ण लांबीची पँट. आआवर तोल गेला की हात पहिला टेकतो.

पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. काळा दगड ऊन शोषतो आणि खालून परत फेकतो, सावली कुठेच नसते, आणि पाऊस भरपूर पडत असला तरी लाव्हाच्या पठारावर ओढा सापडत नाही. पाणी भेगांतून सरळ खाली जातं.

शिट्टी, जखमेची पट्टी आणि फेकता येईल अशी १५-२० मीटर दोरी. रिकामी झालेली झाकणाची बाटली टाकू नका, दोरीला बांधली की तीच तरंगणी होते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. होकायंत्रावर पूर्ण विसंबू नका. या दगडात लोहचुंबकी खनिज असल्याने कातळाला टेकवलं तर सुई भलतीकडे वळू शकते. आणि कुठे जाताय, किती वाजता परतणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

पहिली वीस मिनिटं फक्त बघायचं

पोहोचलात की खाली उतरू नका. उंच, कोरड्या जागी बसा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं समुद्र बघा. लाटा झुंडीने येतात: दहा मिनिटं नुसतं चुळुकचुळुक, मग एकामागून एक पाच-सहा मोठ्या. त्यातली सगळ्यात मोठी कुठपर्यंत ओलं करते ते बघा.

मग खडक वाचा. वर करड्या, पिवळ्या किंवा नारिंगी दगडफुलाचे ठिपके असतील तर तिथे सहसा फक्त तुषार पोहोचतात. त्याखाली एक काळा पट्टा असतो. काळ्या दगडावर काळा पट्टा, त्यामुळे तो चटकन ओळखू येत नाही. तो सूक्ष्म शेवाळाचा असतो. वाळला की मळलेल्या रंगासारखा निरुपद्रवी दिसतो. एक तुषार पडला की साबण. माझा गुडघा फुटला तो यावर. आता मी आधी बसतो आणि ओल्या बोटाने दगड घासून बघतो: खरखरीत लागला तर चालायचं, बुळबुळीत लागला तर वळसा.

त्याखाली पांढुरक्या, धारदार टोपणांसारख्या बार्नॅकलचा पट्टा. हा बुटाला पकड देतो, पण हात टेकला तर सालटं काढतो, शिवाय ते जिवंत प्राणी आहेत. त्याहून खाली हिरवं-तपकिरी शेवाळ. तिथे उभं राहायची जागा नाही.

एवढं कळलं की मर्यादा स्वतःच दिसते. कोरड्या दगडात मध्येच ओला खळगा दिसला तर थोडी चव घ्या. पाणी खारट लागलं तर लाट तिथवर येऊन गेली आहे, मग तुमच्या वीस मिनिटांत आलेली नसली तरी.

चालताना

समुद्राकडे पाठ करायची नाही. पाऊल टाकायचं ते खाली बघून, समुद्र बघायचा तो थांबून. दोन्ही एकदम नाही. उडी मारायची नाही, कारण पलीकडचा दगड कसा आहे हे उडी मारल्यावरच कळतं. चढउतारात दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय सतत टेकलेले हवेत.

पाहोएहोएच्या पृष्ठभागाखाली पोकळ्या असतात. वरचा थर थिजला, आतला लाव्हा वाहून गेला, छप्पर उरलं. काठीने ठोकत चला. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी मडक्यासारखा घुमतो. घुमलं की बाजूने जा. एकदा माझ्या सोबत्याचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. खोल काहीच नव्हतं, जेमतेम वीतभर. पण बाहेर काढताना कडेच्या धारेने पँट आणि कातडी दोन्ही फाडली. आत गेलेला पाय हिसकायचा नसतो. कडा फोडून मोठी करायची आणि पाय सरळ वर घ्यायचा.

गुहा, कमानी, फवारे

लाटेने कातळात भोक पाडलं की खालून शिरलेलं पाणी हवेला दाबतं आणि वरच्या तोंडातून कारंजं उडतं. सामोआच्या सवाई बेटावरचे अलोफागाचे फवारे प्रसिद्ध आहेत. तिथे माणसं भोकात टाकलेले नारळ आकाशात उडताना बघतात. उडणारं पाणी सगळ्यांना दिसतं. परत आत जाणारं पाणी तितक्याच ताकदीने ओढतं, हे तोंडाशी वाकून बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. तोंडाभोवतीचा ओला घेर ओलांडू नका.

गुहेत शिरायचं तर पाणी उतरत असतानाच, आणि आत उजेड दिसतो तिथवरच. जमिनीवर ताजे, फिक्या रंगाचे दगड पडलेले दिसले तर ते छतातूनच आलेत. खांबांच्या कड्याखालीही हेच: उभ्या भेगांनी सुटा झालेला खांब पडायला निमित्त लागत नाही.

लाव्हा अजून समुद्रात पडत असेल तर हा लेख त्या जागेसाठी नाही. तिथे उठणारी पांढरी वाफ साधी नसते. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात, आणि नव्याने बनलेला किनारा अख्खा समुद्रात कोसळू शकतो. जुलै २०१८ मध्ये हवाईत किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा बघायला गेलेल्या बोटीवर स्फोटातून उडालेला दगड छप्पर फोडून पडला आणि २३ जण जखमी झाले.

डबक्यापाशी

मला विचाराल तर सगळा खटाटोप यासाठी. एक डबकं निवडा, परातीएवढं असलं तरी चालेल, आणि सावली पाण्यावर पडू न देता पंधरा मिनिटं हलू नका. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. आत गोगलगाय नसून साधू खेकडा असतो. काळ्या दगडावरचा काळा ठिपका सरकतो, तो मासा. कडेला चिकटलेला लालसर गोळा हळूहळू बोटं उलगडतो, ते समुद्रफूल.

कधीकधी पाणी उन्हातल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखं थरथरताना दिसतं. तिथे हात घाला, पाणी गार लागेल. वरच्या पठारात मुरलेलं पावसाचं गोडं पाणी इथे भेगेतून बाहेर पडत असतं, आणि दोन्ही पाण्यांची भेट ती थरथर दाखवते. उलटही असतं. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या पोंता दा फेरारियाला कातळातून गरम पाणी येतं, पण ऊब लागते ती ओहोटीला. भरतीत थंड समुद्र सगळं थंड करून टाकतो.

उष्ण समुद्रात नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका. जिवंत असला तर त्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला निळ्या कड्यांचा इवलासा ऑक्टोपस असतो, त्याचंही तेच. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात तासभरही टिकत नाहीत.

कुणी पाण्यात पडलं तर

मागोमाग उडी मारू नका. तरंगणारं काहीही फेका, दोरी फेका, बोट दाखवत नजर त्या माणसावर ठेवा आणि दुसऱ्याला मदत बोलवायला पाठवा. स्वतः पडलात तर पहिला मिनिटभर फक्त उताणे तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या. पडलो तिथूनच वर चढावं अशी ऊर्मी येते. तीच लाट तुम्हाला बार्नॅकलवर घासते. कातळापासून दूर, लाट फुटते त्याच्या बाहेर जा, झुंड ओसरू द्या आणि जिथे पाणी शांत आहे अशा जागेकडे पोहा.

खरचटलं तर जखम साध्या पाण्याने नीट धुवा, काचेचे कण काढा. दुसऱ्या दिवशी लाली पसरत असेल तर डॉक्टर.

फोटो

काळ्या दगडाला कॅमेरा अंधार समजतो आणि चित्र राखाडी करतो. उजळपणा एक पायरी कमी करा. भिंग दर दहा मिनिटांनी पुसा, नाहीतर मिठाचे ठिपके घरी आल्यावर दिसतील.

सोबत काय आणायचं, मागे काय ठेवायचं

दोन्हीचं उत्तर काही नाही. हवाईच्या पापाकोलेआ किनाऱ्यावरची वाळू हिरवी आहे, कारण ऑलिव्हिन नावाचं जड खनिज मागे राहतं आणि हलके कण लाटा घेऊन जातात. ती मूठमूठ नेली तर भरून यायला पुन्हा तितकाच काळ. हवाईच्या राष्ट्रीय उद्यानांतून दगड उचलणं बेकायदेशीर आहे, तरी लोक नेतात, आणि मग पेले या ज्वालामुखीच्या देवीचा कोप झाला म्हणत टपालाने परत पाठवतात. परत आलेला दगड कुठल्या जागेचा, ते कुणालाच कळत नाही. दगडांची उतरंडही रचू नका. तिच्या खालचा दगड कुणाचं तरी छप्पर होता. आइसलंडच्या लाव्हावरच्या शेवाळाच्या गादीवर उमटलेलं पाऊल भरायला दशकं लागतात.

शौचाचाही बंदोबस्त करून निघा. कातळात खड्डा खणता येत नाही, जे काही असेल ते पिशवीत परत आणायचं. सुर्त्सीवर, जिथे झाडझुडूप आपोआप कसं रुजतं हे बघण्यासाठी माणसाला बंदी आहे, तिथे संशोधकांना एकदा टोमॅटोचं रोप सापडलं. एका संशोधकानेच आडोशाला उरकलेल्या कामाचं ते फळ होतं. रोप उपटून टाकावं लागलं.

तसंच बी बुटांच्या खाचांतूनही जातं. म्हणून उतरण्यापूर्वी तळ ब्रशने साफ करा, आणि वर चढून आल्यावर, गाडीकडे वळण्याआधी, बूट काढून तिथेच झटका. दोन्ही बुटांतून मिळून चमचाभर काळी वाळू निघते.